विहीणबाईंच्या टाचा

नेर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. अक्षय यास मारोतकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो). तुझी तब्येत बरी असेलच. छायाचित्रणाचा एवढा मोठा पुरस्कार मिळालेल्या माणसाला सर्दीसुद्धा विचारून होत असेल.

पेपरातला तुझा फोटो मी दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक आलं की सांगतो, हा माझा पुतण्या बंटीच्या स्टुडिओत होता, लग्नांमध्ये हॅलोजन धरायचा, तिथून थेट मुंबईच्या सिनेमात गेला. (आता गिऱ्हाईकं सुटे पैसे घेऊनच येतात, थांबायला नको म्हणून.) याच अभिमानापायी आपल्या निकिताच्या लग्नात मी बंटीला बाजूला सारलं आणि शूटिंग तुझ्याकडे दिलं. बंटी म्हणालाही होता, "काका, अक्षयले उजेड समजते, पाहुणे नाही समजत." मी त्यालाच वेड्यात काढलं.

काल पुसदला निकिताच्या सासरी तुझी फिल्म लावली (लग्न उन्हाळ्यातलं, फिल्म दसऱ्याला, मोठ्या माणसांची कामं सावकाशच होतात). सगळी गल्ली जमली होती. मांडवातून गळणारं ऊन दिसलं, हळदीच्या वाटीवरची माशी तर इतकी देखणी आली की तिला आहेर करावासा वाटला. विहीणबाई ठेवणीतली साडी नेसून समोरच बसल्या होत्या, स्वतःची वाट बघत. शेवटी त्या आल्या, पाय धुण्याच्या वेळी. पण नुसते पायच! पितळेची परात, चमचमतं पाणी आणि टीव्हीभर दोन टाचा, भेगांसकट. भेगा हुबेहूब आल्यात हे गल्लीने एकमताने मान्य केलं. तोंड मात्र शेवटपर्यंत नाही. विहीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माह्यं तोंड नाही दिसलं ना? मंग या दिवाळीले तुमालेही पोरीचं तोंड नाही दिसत!"

पोरीची पहिली दिवाळी आहे रे. पुसदची गाडी आली की तुझी शकुकाकू आजही फाटकापर्यंत जाते आणि परत येऊन सांगते, मांजर हाकलायला गेले होते. मला फार वाईट वाटतं, आणि तुझा रागही येतो. बाकी माझं काही मागणं नाही. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
मारोतकाका

ता. क. धनत्रयोदशीच्या आधी ये. विहीणबाई तीच लग्नातली साडी नेसून पुन्हा पाय धुवून घ्यायला कबूल झाल्या आहेत. काकू तर एका पायावर तयार आहे. मी अंगणात मांडव घालतो आहे.

आणखी एक ता. क. विहीणबाईंची अट आहे की कॅमेरा बंटीच धरेल. पुरस्कारवाल्याने फक्त हॅलोजन धरायचा. "तोंडावर," असं त्यांनी दोनदा बजावलं आहे.