शिंगाड्याच्या तलावातली माय

माय, तुला अक्षर येत नव्हतं आणि मीही केस पिकल्यावर नातीच्या पाटीवर गिरवून शिकले. मागच्या आठवड्यात सून मला चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेली. मला शी धरवत नाही, ही गोष्ट मी तीन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. खाण्यातलंच काही बाधतं म्हणून अर्ध्या पोटी राहत होते. नातीच्या लग्नाला येत नाही म्हणून अडून बसले, तेव्हा सुनेनं मागच्या अंगणात वाळत घातलेली फडकी पाहिली आणि मला गाडीत बसवलं.

डॉक्टरीणबाई पोरगेलीच. बोटाएवढी नळी मागून आत घातली, सोनोग्राफीची. दुखलं नाही, लाजेनंच अंग चोरलं. "आजी, पडद्याकडे पाहा. हे कडं पुरं गोल पाहिजे. इथी तुटलं हाये. बाळंतपणात फाटलं असन, आता वयानं ढिलं पडलं." मला ते डोक्यावर घड्याखाली ठेवायच्या, एका बाजूनं उसवलेल्या चुंबळीसारखं दिसलं.

"म्हणजे खाण्यानं नाई झालं?"

"नाई वो आजी. तुमची काई चूक नाई. व्यायाम शिकवते, बरंच आवरन."

आणि माय, त्या पडद्यापुढे मला तू आठवलीस. छातीभर पाण्यात शिंगाडे तोडते आहेस, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. बाया म्हणतात, "हिले तं तलावातच घर बांधून द्या." मी तलावाच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, भाताचा डबा घेऊन ओरडते, "माय, बाहेर ये ना वो." "तू जेव. मी इथीच बरी." घरी येतानाही लुगडं ओलंच. माझ्या जन्माच्या वेळी तू दोन दिवस अडली होतीस, हे सारं गाव सांगायचं. त्यानंतर तू कधी पंगतीत बसली नाहीस, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नागभीडला मावशीच्या लग्नाला आली नाहीस तेव्हा मी म्हटलं होतं, "तुले शिंगाडेच प्यारे, माणसं नाई." तू हसलीस आणि ओच्यातले कोवळे शिंगाडे माझ्या ओंजळीत घातलेस.

आता रोज आवळून धरते, दहापर्यंत मोजते. लग्नाला जाईन, पंगतीत दाराजवळची जागा धरीन. हा कागद पिठाच्या डब्याखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. परतताना सुनेनं विचारलं, "आई, तुमच्या मायलेबी असंच होतं का?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "नाई. तिले पाण्याचीच आवड होती."