ठोकळे एकीकडे, काचा दुसरीकडे

३ नोव्हेंबर, सोमवार
कार्यशाळेसाठी मुठा गावातला हॉल मिळाला. २२-२३, शनि-रवि. मालकीण सुलोचनाकाकू विचारत होत्या, "लाकडाचं शिबिर म्हंजे सुतार येनार व्हय? माज्या दाराची चौकट फुगलीया." म्हटलं, नाही काकू, लाकडाच्या आतल्या भागांना मराठीत काय म्हणायचं ते ठरवायला शिक्षक येणार आहेत. त्या म्हणाल्या, "आन् त्याला दोन दिस?"
मान दुखतेय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
निमंत्रणं गेली. दोन राहिली, सर आणि मॅडम. दोघांनी मला शिकवलं, एम.एस्सी.ला असताना त्यांच्याच घरी जेवले. वेगळे झाले तेव्हा घरावरून वाद नाही, भांड्यांवरून नाही. लाकडांचा संच मात्र तुटला. ठोकळे सरांकडे. त्याच ठोकळ्यांचे पातळ काप चिकटवलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा मॅडमकडे. दोन्ही शेजारी असल्याशिवाय एकही शब्द धड तपासता येत नाही, आणि कुणी कुणाकडे मागितलं नाही.
लाकडातल्या कड्यांना सर 'वार्षिक वलय' म्हणतात. मॅडम म्हणतात, आपल्याकडची झाडं दर वर्षी एक कडं धरतातच असं नाही, 'वृद्धिवलय' म्हणा. दोघांचे विद्यार्थी आता आपापलं शिकवतात. मुलांचा गोंधळ.

९ नोव्हेंबर, रविवार
कासारसाईला, सरांच्या घरी. नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टर काय म्हणाले ते हवामान सांगावं तसं सांगितलं. म्हणजे पुढच्या वर्षी घेऊ, हे आता म्हणता येणार नाही.
ठोकळे सगळे ने म्हणाले. स्वतः येणार नाहीत. मला वाटलं, अजून राग. तर म्हणाले, "मी असलो की ती बोलत नाही अगं. शब्दांचं काम आहे. तिनं बोललं पाहिजे."
परतताना हिंजवडीत गाड्या हलेनात. मागे ठोकळ्यांच्या पेट्या. रडू आलं थोडं. शेजारच्या कॅबमधली मुलगी बघत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
काल जेवताना नवरा: "तू कार्यशाळा भरवतेयस की सोयरीक जमवतेयस?" हसले. झोप मात्र नाही.
आज मॅडमकडे, पुण्यात. काचा माझ्या हाती द्यायला तयार नाहीत. "मी घेऊन येईन. ते येणार नसतील, तर." मग सरांच्या तब्येतीचं सांगितलं. त्या एक काच पुसत होत्या, पुसतच राहिल्या.
"अजून वार्षिकच म्हणतात?"
हो म्हटलं.
"हट्टी."
चहा गार झाला, तसाच प्यायले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
येणाऱ्यांपैकी दोघा शिक्षकांनी जैन जेवण कळवलंय. एकाला प्रमाणपत्रावर आडनाव आधी हवंय. प्रोजेक्टर मिळत नाही. सगळं रद्द करावं आणि चादर ओढून...
ऐनाच्या झाडाचा एक ठोकळा भिंगाखाली धरला. कडी अस्पष्ट. मला कधीच नीट मोजता आली नाहीत. सर आणि मॅडमना खिडकीशी उभं राहून एकाच ठोकळ्यावर भांडताना पाहिलंय. तेव्हा वाटायचं, संसार असा असावा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी मॅडमचा फोन. हॉल कितव्या मजल्यावर आहे?
पहिल्या.
"त्यांना जिना चढवू नकोस. खाली जागा नाही का?"
खाली काकूंच्या भाताची पोती आहेत म्हटलं. आणि सर येत नाहीयेत, मॅडम.
"तू आधी खाली जागा कर." फोन ठेवला.
काकूंना फोन. पोती आजच हलवायची म्हटलं. त्या म्हणाल्या, "मानसं भात झोडनीला गेल्यात. तूच ये हात लावाया."
सरांना व्हॉट्सॲपवर लिहिलं: हॉल आता तळमजल्यावर. मॅडमनी बदलायला लावला.
निळ्या खुणा उमटल्या. काहीतरी लिहितायत असं दिसतंय. थांबलं. परत दिसतंय.
पोती हलवायला निघते.