डबा रोज रिकामा

३ जून
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या बाईसाहेबांचे, म्हणजे लेकीचे, पुढचे दोन दात बघून तोंड वाकडं केलं. डाग पडलेत. बिस्किटं बंद करा, नाहीतर दात जातील म्हणाल्या. ही, म्हणजे बायको, नुसती माझ्याकडे बघत राहिली. सवय कुणी लावली ते उघडच होतं. फार वाईट वाटलं. तिथल्या तिथे जाहीर केलं, मधल्या वेळचं खाणं यापुढे माझं खातं. मी ड्रायव्हिंग शिकवतो. घाबरटातल्या घाबरटांना रिव्हर्स शिकवलाय. अडीच वर्षांचं पोर म्हणजे किस झाड की पत्ती.

४ जून, सकाळ
गाजराची गाडी, काकडीची चाकं. सुबक. फोटो काढला.

४ जून, संध्याकाळ
पाळणाघरातून आणताना गाडीतच डबा उघडला. बाईसाहेबांनी एक चाक चाटून परत केलं. मग भोकाड. सिग्नलला लोक काचेतून बघायला लागले. गाडीच्या ड्रॉवरमध्ये माझा बिस्किटांचा पुडा होता. एकच दिलं. गाजरं मी खाल्ली, अन्न टाकवत नाही.
घरी रिकामा डबा बघून हिला इतका आनंद झाला की खरं सांगायचा धीर होईना. उद्या नक्की.

७ जून
अजून सांगितलं नाही. पण आता अर्धंच बिस्किट देतो. पन्नास टक्के सुधारणा. (दोनदा देतो.)

११ जून
आज उकडलेला घेवडा. मला लहानपणापासून घेवडा बघवत नाही. खाल्ला. बापाला काय काय करावं लागतं.

१५ जून
पार्किंग शिकणाऱ्या काकू सीटवरचा चुरा झटकत म्हणाल्या, गाडीत उंदीर झालेत. मी म्हटलं, हो, झालेत.
बाईसाहेब आता स्वतः डबा उघडून मला भरवतात, मग बिस्किटासाठी हात पुढे करतात. हाताला छान वळण लागलंय. आईला सांगायचं नाही, हेही शिकवलं. ओठांवर बोट ठेवून खुदकन हसली. मला मात्र हसू आलं नाही. खेळच आहे म्हणा.

१९ जून
पाळणाघराच्या ताईंनी पालकसभेत बोलायला बोलावलंय. विषय: हट्टी मुलांना भाज्या कशा खाऊ घालाव्यात. नाव हिनेच सुचवलं. नको नको म्हटलं तर हिला तो विनय वाटला. मुद्दे काढले. सातत्य. संयम. मुलांसमोर खरं वागणं. तिसरा खोडला.

२२ जून
ताईंनी प्रात्यक्षिक म्हणून बाईसाहेबांच्या हातात गाजर दिलं. सगळे पालक माना उंचावून बघतायत. ती तडक माझ्याकडे आली, 'आ' म्हणाली आणि गाजर माझ्या तोंडात कोंबलं. मग हात पुढे. हशा. तेवढ्यात तिला आई दिसली. लगेच ओठांवर बोट. हशा आणखी वाढला, फक्त ही हसायची थांबली.
 घरी आल्यावर हिने एवढंच विचारलं, कधीपासून? म्हटलं, पहिल्या दिवसापासून. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

२३ जून
पुडा हिच्या स्वाधीन केला. हिने सफरचंदाची फोड बाईसाहेबांना दिली आणि समोर बसली. बाईसाहेबांनी फोड मुठीत लपवली. तोंड घट्ट मिटून आईकडे बघत राहिल्या. खूप वेळ. शेवटी हीच उठून आत गेली.
मग बाईसाहेबांनी फोड खाल्ली. सालासकट, सगळी. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं होतं, आणि हिला हाक मारून सांगायची माझी हिंमत होईना.