पाच थोरले आणि एक लाल दिवा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सहाच अंगं टेकवली आहेत. गुडघ्यांवर हत्यारांची पेटी पडल्यामुळे उरलेली दोन पुढच्या भेटीत.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं तू चालतेस की डॉक्टरांनाच चालवतेस? आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत, आणि हे वाक्य मला गेल्या आठवड्यात लिहिता आलं नसतं. माझी नोकरी शाबूत आहे, जगाचं थोडं भलं झालं आहे आणि मला पुन्हा झोप लागते आहे. या तीन गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या होत्या ते सविस्तर सांगतो. तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस हे मला ठाऊक आहे, पण या खेपेला कृपा करून तसं करू नकोस.

मी राष्ट्रांच्या सभागृहात वायरमन आहे. तू मात्र गावभर ‘आमचा भाचा जगाचा कारभार बघतो’ असं सांगत फिरतेस, तेव्हा तो कारभार कसा चालतो ते आधी समजून घे. मोठी गोल खोली, सगळे देश ओळीनं बसलेले, प्रत्येकापुढे नावाची पाटी, माईक आणि पाण्याचा पेला. त्यातल्या पाच देशांना आम्ही कामगार मंडळी थोरले म्हणतो. त्यांच्या टेबलाच्या आतल्या कडेला, बोटाला लागेल पण कुणाला दिसणार नाही असं, एकेक बटण आहे. पाचांपैकी कुणीही ते दाबलं की अध्यक्षांच्या डोक्यावरचा लाल दिवा लागतो आणि ठराव जागीच आडवा होतो, मग बाकी सगळं जग हात वर करून का बसलेलं असेना. दिवा पाचांत मिळून एकच. तो कुणी लावला हे कळत नाही, आणि विचारायचं नाही अशी रीत आहे. (आपल्याकडे नाही का, स्थळ नाकारताना ‘घरात जरा पसंत नाही’ एवढंच सांगतात. घरात म्हणजे नक्की कुणाला, असं विचारणारा अडाणी ठरतो.)

यंदा ठराव होता तो या बटणाचाच. आणला होता एका बेटावरच्या बाईंनी. त्यांचा देश इतका लहान की आमच्या भिंतीवरच्या नकाशात तो खिळ्याखाली गेला आहे. त्यांच्या किनाऱ्याला बांध घालायची मदत पूर्वी याच दिव्यानं अडवली होती. का अडवली, कुणी अडवली, हे बाईंना आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि समुद्र मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. बाईंचं मागणं अगदी घरगुती होतं: एकट्याच्या नकारानं ठराव पडू नये, निदान दोघांचा तरी लागावा. नाही म्हणणाऱ्यानं उभं राहून कारण सांगावं. आणि हा हक्क त्याच पाचांकडे पिढ्यान्‌पिढ्या न ठेवता सगळ्या खंडांतल्या देशांत पाळीपाळीनं फिरावा.

यावर पाचही थोरल्यांनी एकामागून एक उठून पाठिंब्याची भाषणं केली. मी शिडीवर चढून पंख्याचं काम करत होतो, तिथं मला भरून आलं. प्रत्येकाला खात्री होती की दुसरा कुणीतरी दाबेल, तेव्हा आपण कशाला वाईट व्हा, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. हात वर गेले आणि दिवा लागला. बाईंनी पुढ्यातले कागद सारखे केले. थोरल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत, आत्या, निव्वळ कृतज्ञता होती.

खोली रिकामी झाल्यावर मी शिडी न्यायला गेलो तर दिवा पुन्हा लागला. आत चिटपाखरू नव्हतं, नुकतं हवा थंड करणारं यंत्र तेवढं सुरू झालं होतं. मी शिडी तिथंच टेकवून ठेवली, कारण त्या यंत्राजवळ जमिनीखाली बटणांच्या तारांचा एक जोड आहे आणि तो मी केलेला आहे. आमच्या साहेबांनी (यांना आम्ही फ्यूज म्हणतो, कारण ते आधी उडतात आणि कारण मग शोधतात) तो कथील वितळवून, पक्का डाग देऊन करायला सांगितला होता. मी तात्पुरती टेप गुंडाळली होती. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत. यंत्र थरथरलं की टेपखालच्या तारा एकमेकींना चिकटत होत्या, आणि मतदानाच्या वेळीही तेच झालं होतं. म्हणजे दुबळ्या देशांचं मागणं कुठल्या महासत्तेनं नव्हे, तर तुझ्या भाच्यानं फेटाळलं होतं. थोरले पाच नव्हतेच, सहा होते, आणि सहाव्याला तर अजून बढतीसुद्धा मिळालेली नाही.

सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर बेट जातं. मी अर्थातच तिसरा मार्ग धरला आणि आजारी पडायचं ठरवलं, पण ताप येईना. तेवढ्यात बाईंनी दोनचार शब्द बदलून ठराव पुन्हा आणला. पुन्हा पाठिंब्याची भाषणं, पुन्हा यंत्राची थरथर, पुन्हा दिवा. थोरले तर आता एकमेकांना जेवायला बोलावू लागले. एकानं दुसऱ्याला व्यापारात सवलत दिली, आणि दुसऱ्यानं ती कशाबद्दल हे न विचारता खिशात घातली, असं कँटीनमध्ये कानावर आलं. बाईंनी शेवटचं मतदान मागून घेतलं. यातही पडला तर ठराव कायमचा गुंडाळायचा, असं ठरलं.

घरी ताईनं माझं ताट तसंच राहिलेलं पाहिलं आणि मला गाठलं. (ताई आणि तो बेकरीवाला हा विषय मी या पत्रात काढणार नाही, तेव्हा निर्धास्त वाच. माणूस विधुर आहे, सज्जन आहे, आणि ताई दुकानात शिरली की हमखास पाव करपवतो, एवढं आपलं माहितीसाठी.) मी तिला सगळं सांगून टाकलं. वर हेही म्हणालो की जोड दुरुस्त करून तरी काय फायदा, थोरल्यांपैकी कुणी ना कुणी बटण दाबणारच, मग मी फुकट नोकरी का घालवू?

ताई म्हणाली, “दाबू दे की. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं स्वतःच्या बोटानं म्हणावं. तुझ्या टेपनं कशाला?”

मग भांडी उचलत, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “मला इतक्या वर्षांत नाही म्हणणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसलेलं नाही.”

आत्या, मला फार वाईट वाटलं. खरं तर ते कुणाला वाटायला हवं होतं, हे मी इथं लिहीत नाही.

सकाळी जाऊन फ्यूजसाहेबांना जोडाचं सांगितलं. हा उपद्व्याप आधीच्या वायरमनचा असणार, अशी त्यांनी आपणहून समजूत करून घेतली होती. मोह झाला, पण ती समजूत मीच दूर केली. ते उडाले. तुला काढतोच म्हणाले, पण आधी जोड कर, कारण मतदान तोंडावर आलंय आणि त्या भोकातून तुझ्याशिवाय कुणाचं पोट आत जात नाही. मी जमिनीखाली उतरलो, धूळ खात डाग दिला आणि झाकण उचलून डोकं वर काढलं, तर सभा भरलेली आणि हात वर गेलेले.

सगळे दिव्याकडे बघत होते. थोरलेही बघत होते, अगदी आरामात रेलून, कारण दोनदा ज्यानं दाबलं तो तिसऱ्यांदाही दाबणारच होता. यंत्र थरथरलं. दिवा लागला नाही. एक थोरला दुसऱ्याकडे बघू लागला, दुसरा तिसऱ्याकडे, आणि कुणाचं बोट कुठं जायच्या आत अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगून हातोडी आपटली. टाळ्या सर्वांत आधी थोरल्यांनाच वाजवाव्या लागल्या, भाषणं करून बसले होते ना. तू का नाही दाबलंस, असं त्यांना एकमेकांना विचारायचीही सोय नव्हती. बाई हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी आपल्या पेल्यातलं पाणी संपवलं आणि शेजारच्या देशाचंही पिऊन टाकलं. मी भोकात उभ्याउभ्या रडलो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं. फ्यूजसाहेबही मला काढू शकले नाहीत, कारण काढायचं तर कारण द्यायला लागतं, आणि जोड तपासल्याची सही त्यांची स्वतःची होती.

असो. इकडची काळजी नसावी. कंबर शेकत जा आणि लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा भाचा

ता.क. पत्र बंद करता करता आठवलं म्हणून लिहितो. सभागृहातून मी सरळ काकांकडे गेलो आणि ताईच्या लग्नाला नाही कोण म्हणतंय, असं तोंडावर विचारलं. काका म्हणाले, माझं काहीच नाही, वहिनींना पटणार नाही. आई म्हणाली, मी कशाला नाही म्हणेन, दादाला खपणार नाही. दादाला विचारलं तर तो म्हणाला, मला काय, पण आत्या आहे ना. तर आत्या, तू कधी नाही म्हणाली होतीस का? म्हणाली असशील तर इथं ये, ताईसमोर उभी राहा आणि कारण सांग. मी तुला चहा करून देईन. मात्र एकट्याचा नकार आता राष्ट्रांतही चालत नाही, आणि दुसरा मला शोधूनही मिळालेला नाही.

आणखी ता.क. ताईनं हे पत्र आत्ता वाचलं. ती म्हणते, परवानगी मागणारा तू कोण आणि मागायची तरी कशाला, आमंत्रण लिही. तेव्हा वरचा मजकूर आमंत्रण समजून वाचावा. येत्या रविवारी सकाळी, आमच्याच घरी. ताई तुझी वाट बघणार आहे. थांबणार मात्र नाही.