चाल तुझीच लिहिली

अकोला

प्रिय धर्मेंद्र,
सप्रेम जय भीम.

लंडनहून एक हजार आठशे चाळीस रुपये आले, जपानहून सहाशे बारा. बँकेत जायला रिक्षाचे वीस गेले. मी लिहिलेलं, तू चाल लावलेलं आपलं विहारातलं गाणं तिकडच्या कार्यक्रमांत गातात, त्याची ही रॉयल्टी. सहा वर्षांपूर्वी भांडून निघताना तू म्हणाला होतास, "ताई, तुह्या शब्दायले अमरावतीच्या पुढे कोन इचारते?" आता बोल, लेका!

तरी गाण्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर चाल तुझीच लिहिली. रोज वंदनेला बसणारी बाई खोटं कसं लिहील? विहारातही दोघांची नावं घेऊन सांगितलं. तुझा अर्धा वाटा वेगळा ठेवला आहे. या पत्राच्या पाकिटावर घालायला तुझा पत्ता मात्र माझ्याकडे नाही. तेवढा उलट टपाली कळव.

तुझी ताई,
दीपमाला