फ्रिजची माहितीपुस्तिका आणि बाबांचं हसू

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरलीये, तेव्हा निम्मा आत्ता, निम्मा भेटीत). तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू "बरा आहे" म्हणालीस, पण ज्या आवाजात म्हणालीस त्यावरून मी काय ते समजले. इकडे सगळे मजेत. बाबांचं खाणं, फिरणं आणि माझ्यावर ओरडणं व्यवस्थित चालू आहे.

तर बातमी अशी की मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. इतकी वर्षं गोगलगायींवर संशोधन केलं, त्या कशाकशाला घाबरतात ते मोजलं (सगळ्यालाच घाबरतात), आणि एके दिवशी अहवालात आकड्यांच्या आधी मी त्यांच्या स्वभावाबद्दल पानभर लिहून बसले. साहेबांनी ते पान खोडलं. मला वाईट वाटलं ते त्या पानाचंच, उरलेल्या अहवालाचं काहीच नाही. तेव्हा राजीनामा दिला. आता घरी बसून मुलांसाठी गोष्टी लिहिते, शिवाय पुठ्ठ्याच्या बाहुल्या करते. नवऱ्याला माहीत आहे, तो "बघ बाई" म्हणाला. बाबांना मात्र मी रजेवर आहे असं सांगितलंय. जन्मभर लोकांच्या नावाच्या पाट्या कोरल्या त्यांनी, आणि दुकान बंद करताना शेवटची पाटी माझी कोरली. पितळी, आणि त्यावर 'शास्त्रज्ञ' हा शब्द माझ्या नावापेक्षा मोठा. रोज चहाच्या आधी ती पुसतात. ते बघितलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं.

आता फजिती ऐक. गोष्ट जमलीये की नाही हे कळायचं कसं? माणसं तोंडावर छानच म्हणतात. म्हणून मी रीतसर प्रयोग केला. घरच्यांचे दोन गट पाडले. नवऱ्याला आणि शेजारच्या काकूंना माझी गोष्ट वाचून दाखवली. बाबांना आणि धाकट्या जावेला, तुलनेसाठी, तेवढ्याच लांबीचं दुसरं काहीतरी, म्हणजे फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका. त्याच आवाजात, तसेच हातवारे करून. (विज्ञानात असंच करतात. तुलनेला काही नसेल तर निष्कर्षाला कुत्रं विचारत नाही.) कुणाला काय ऐकवतेय ते अर्थातच सांगितलं नाही. काकू झोपल्या. नवरा हसला, पण मी त्याच्याकडे रोखून बघत होते म्हणून. आणि तिकडे बाबा! "दार उघडे राहिल्यास आतील दिवा चालू राहील" इथे खुर्चीतून पडायचेच बाकी होते. "फ्रिजमध्ये बसू नये" याला तर डोळ्यांतून पाणी. जाऊ म्हणाली, ताई, किती साधं आणि खरं लिहिता हो तुम्ही.

तेव्हापासून बाबा भेटेल त्याला सांगतात की पोरीला विनोदाचं अंग आहे, पण नशीब, शास्त्रज्ञ झाली, नाहीतर काही खरं नव्हतं. आता तूच सांग, मी तोंड कुठून उघडू? बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी (अजून असले तर)
भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. बाबा जगात फक्त तुला घाबरतात. रविवारी ये आणि त्यांना तूच सांग. त्यांचं मन मोडताना बघायची माझी हिंमत नाही.

ता. क. २ : थांब, राहू दे. पाकीट बंद करणार तेवढ्यात प्रयोगशाळेतला शिपाई माझी तिथे राहिलेली छत्री घेऊन आला, आणि दार बाबांनी उघडलं. "मॅडमनी नोकरी सोडल्यापासून करमत नाही" असं सांगून तो गेला. बाबांनी स्क्रू काढून दारावरची पाटी उतरवली. मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, फ्रिजसकट. पाटी उलटी करून मागच्या बाजूवर अंगठा फिरवत म्हणाले, "ही बाजू कोरी आहे. पण त्या फ्रिजच्या जोरावर मी काही कोरणार नाही. तुझी गोष्ट वाच."

ता. क. ३ : वाचली. एकदाही हसले नाहीत. गोगलगाय शंखातून पहिल्यांदा बाहेर डोकावते तिथे मात्र "पुन्हा वाच" म्हणाले. तरीही तू रविवारी येच, आणि तुझ्या फ्रिजची पुस्तिका आण, आमची त्यांना पाठ झालीये. पाटी आत्ताच दारावर लागली. या खेपेला माझं नाव मोठं आहे, आणि खाली 'लेखिका' इतकं बारीक, की चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणाले, वाढवायला जागा ठेवलीये.