शहाडच्या नावाड्याचा अर्ज

मास्तर, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. सरहद्दीवर लढाई पेटली होती तेव्हाचं एक सांगायचं राहून गेलं आहे. जखमींच्या डोल्या उचलायला सरकारला माणसं हवी होती, आणि पाटलांच्या यादीत माझं नाव लागलं. चार बुकं मी तुमच्याकडेच शिकलो होतो, पण सरकारी अर्जाची भाषा येत नव्हती. तुमच्या ओटीवर येऊन म्हणालो, "पाय अधू आहे असं लिहा." तुम्ही लेखणी खाली ठेवलीत. "दिवसभर उल्हास नदीत होडी घालणारा तू, तुझा पाय अधू? तू नावाडी आहेस, तेवढंच लिहीन." मला रागच आला. खरं सांगून कोण सुटतं?

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहून दिलेला अर्ज मुंडाशात खोचून कल्याणच्या कचेरीत मी उभा आहे. मामलेदार धंदा विचारतात. नावाडी म्हटल्यावर मान वर करतात. "तू इथे, मग आज होडी कोण चालवतंय?" "माझी थोरली बहीण, रावसाहेब." कारकून हसतात. मामलेदार म्हणतात, "मग तीच चालवील. तू डोल्या उचलायला जा."

खोटं बोलायची वाट तुम्ही आदल्या दिवशीच बंद केली होती. म्हणालो, "आत्ता नदी संथ आहे, ताई एकटी चालवते, माझ्याहून बरी चालवते. पण पुरात एक वल्ह्यावर लागतो, एक सुकाणूवर. आमचा बाप एकटाच गेला होता, पाच उतारूंसकट बुडाला." मामलेदारांनी माझ्या हातावरचे घट्टे बघितले. मग यादी ओढून त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. आमच्या बाजूचे तिघे लढाईवर गेले. एकच परत आला, त्याला नदीपार मीच नेलं.

त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात ताई आणि मी जोडीने होडी घातली, एकही उतारू गमावला नाही. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगतो. तुम्हीही शाळेत माझ्या त्या अर्जाचा दाखला देऊन सांगायचात, अर्ज असा लिहावा की मामलेदारालाही नाही म्हणवू नये. मुलांना तो तोंडी सांगून लिहायला लावायचात. मी दारात उभा राहून मान डोलवायचो. हा कागद आता कुठे धाडणार, म्हणून लिहून टाकतो. मास्तर, तुमचा अर्ज त्या दिवशी माझ्या मुंडाशातच राहिला. पुढे करायचं मी विसरलो.